आधी गुडघे, मग जोते: लहान मंडळीने स्वतःचे मंदिर कसे बांधावे

आमची ख्रिस्ती मंडळी बेचाळीस घरांची. अकरा वर्षे आमची रविवारची उपासना एका शाळेच्या वर्गखोलीत होत असे. सकाळी तरुणांनी बाके बाहेर काढायची, सतरंज्या अंथरायच्या, पेटी आणि ढोलकी डोक्यावरून आणायची आणि साडेअकराच्या आत सगळे पुन्हा जागच्या जागी लावून द्यायचे. शाळेची परीक्षा असली की उपासना कोणाच्या तरी अंगणात व्हायची. अशात एका वार्षिक सभेत ‘आता आपले मंदिर हवे’, म्हणजे स्वतःची चर्चची इमारत हवी, असा ठराव झाला आणि बांधकाम समितीची चिटणीस म्हणून माझे नाव पुढे आले. मी शिक्षिका होते. जोते (इमारतीचा चौथरा) आणि लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी पट्टी) यांतला फरकही मला ठाऊक नव्हता. तुमच्यावरही अशीच जबाबदारी नुकतीच येऊन पडली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. आम्ही जे केले, जे उशिरा शिकलो आणि आज पुन्हा करायचे झाले तर ज्या क्रमाने करू, त्याच क्रमाने सांगते.

पहिली पायरी: नकाशा काढू नका, प्रार्थनेला बसा

बायबलमधल्या नहेम्याचा दाखला प्रत्येक मंडळीत बांधकामाच्या वेळी निघतो, आणि सगळे सांगतात की यरुशलेमेचा कोट बावन्न दिवसांत उभा राहिला. त्याआधीचे महिने मात्र कोणी मोजत नाही. किसलेव महिन्यात त्याला कोट पडल्याची बातमी कळली. तो रडला, उपास केला, प्रार्थना करत राहिला, आणि राजापुढे तोंड उघडले ते थेट नीसान महिन्यात. म्हणजे जवळजवळ चार महिने. यरुशलेमेला पोहोचल्यावरही तीन दिवस तो गप्पच होता. मग रात्री थोडी माणसे घेऊन पडका कोट स्वतः फिरून पाहिला आणि त्यानंतर लोकांशी बोलला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आम्हीही ठरवले की चार महिने नकाशा नाही, वर्गणी नाही, फक्त प्रार्थना.

दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला, आळीपाळीने एकेका घरी. एका खोलीच्या घरातही, किंबहुना तिथे आवर्जून. ज्यांच्याकडे कोणी कधी जात नाही, त्यांच्या दारात मंडळी चपला काढते तेव्हा त्या घरालाही वाटते की हे मंदिर आपले आहे. चहा-बिस्किटांवर बंदी ठेवा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यापासून पोहे आणि शिऱ्याची चढाओढ लागते आणि गरिबाचे घर यादीतून हळूच गळते. फक्त पाणी. वेळ पाऊण तास: एक गीत, एक उतारा, मग प्रार्थना.

एक वही करा. डाव्या बाजूला तारीख आणि मागणे, उजव्या बाजूला उत्तर आणि त्याची तारीख. मागणे नेमके लिहा. ‘प्रभू, आम्हाला मंदिर दे’ एवढेच लिहिले तर चार महिन्यांनी त्या वहीत वाचण्यासारखे काही उरत नाही. ‘ज्यांची जमीन आपण पाहिली त्या भावांमधला वाटपाचा वाद मिटावा’ असे लिहिले की पुढच्या शुक्रवारी सगळे त्याची चौकशी करत येतात. उत्तर ‘नाही’ आले तर तेही लिहा. आमच्या वहीत अशी नऊ ‘नाही’ आहेत.

दोन गोष्टींना सुरुवातीपासून आळा घाला. प्रार्थनेच्या आडून भाषण करू नये. ‘हे प्रभू, काही बंधूंना हायवेची जागा महाग वाटते, त्यांचे डोळे उघड’ ही प्रार्थना नव्हे, तो टोमणा आहे. आणि जागा, पैसा, कंत्राटदार यांविषयी ‘प्रभूने मला सांगितले आहे’ असे बैठकीत कोणीही म्हणू नये. म्हणणाऱ्याची श्रद्धा खरी असेलही, पण त्या वाक्यापुढे कोणाला बोलता येत नाही. आमच्या पाळकसाहेबांनी पहिल्याच शुक्रवारी सांगितले: प्रभूने तुमच्या मनात काही घातले असेल तर ते ‘मला असे वाटते’ म्हणून मांडा, ते त्याचे असेल तर इतरांच्या मनातही घालायला तो समर्थ आहे.

आमच्यात दोन तट होतेच. तरुणांना रस्त्यालगतची जागा हवी होती, म्हाताऱ्यांना वस्तीतली, कारण त्यांना चालत यायचे होते. त्यातच दोन घरांचे सहा वर्षांपूर्वीच्या एका सोयरिकीवरून बोलणे बंद होते, आणि ती दोन्ही घरे नेमकी दोन तटांत. नवव्या शुक्रवारी त्यांच्यातल्या एका आजोबांनी प्रार्थना संपल्यावर स्वतःहून विचारले, ‘पुढल्या खेपेला त्यांच्याकडे कधी आहे? मी येणार आहे.’ ते गेले. कोणी गळ्यात पडले नाही, कोणी माफी मागितली नाही. ते सतरंजीवर बसले, पाणी प्यायले आणि परत आले. त्यानंतर मात्र जागेच्या चर्चेत एकमेकांचे ऐकू येऊ लागले. जागा शेवटी वस्तीच्या कडेची घेतली, रस्त्यापासून शंभर पावलांवर. मतदान घ्यावे लागले नाही. बावीस विरुद्ध वीस अशा मतांनी जागा ठरवली असती, तर त्या वीस घरांनी पुढे किती मनापासून दिले असते?

लहान संख्येला घाबरू नका. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत रोजच्या प्रार्थनेसाठी बायका-मुलींना बोलावले, तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या पाचशेच्या वर गेली होती. सुरुवात करायला चार घरे पुरतात.

दुसरी पायरी: मंदिर कोणाच्या नावावर?

प्रार्थना चालू असतानाच हे काम सुरू करता येते, आणि इथे आळस केला तर पुढच्या पिढीला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

तुमची मंडळी एखाद्या मोठ्या चर्चचा भाग असेल तर आधी वरच्या कार्यालयाला विचारा. उदाहरणार्थ, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्या. अशा ठिकाणी मालमत्ता बहुधा मध्यवर्ती ट्रस्टच्या नावावर असते, आणि स्थानिक मंडळीने परस्पर खरेदी केली तर गुंता होतो. मंडळी स्वतंत्र असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात ट्रस्ट नोंदवा. जमीन पाळकांच्या, पंचांच्या किंवा एखाद्या मोठ्या दात्याच्या वैयक्तिक नावावर ‘तात्पुरती’ घेऊ नका. माणूस कितीही सज्जन असो, त्याच्या पश्चात त्याचे वारस लागतात. आमच्या शेजारच्या तालुक्यात एक मंडळी याच कारणाने आपल्याच मंदिराबाहेर बसते.

चार गोष्टी पाठ करून ठेवा. ट्रस्टने जमीन घेतली किंवा विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. जुनी जागा विकून नवी घ्यायची असेल तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ‘मंडळीचा एकमुखी ठराव आहे’ हे तिथे पुरत नाही. ट्रस्टच्या नावावर कर्ज काढायलाही परवानगी लागते. आणि वहीखाते दरवर्षी तपासून घ्यायचे. वकिलाचा खर्च बांधकामाच्या खर्चातच धरा, तो वायफळ नाही.

तिसरी पायरी: जमीन पाहणे

सातबारा हातात घ्यायला शिका. आधी भोगवटादार वर्ग पाहा. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीवाचून विक्री होत नाही. मग ‘इतर हक्क’ हा रकाना: सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, बहिणीचा हक्क, सगळे तिथे दिसते. फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) मागे मागे वाचत जा आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही आणि ट्रस्टही त्यात आलाच, म्हणून बिनशेती झालेला किंवा गावठाणातला भूखंड शोधणे सोपे. नंदुरबार, पालघरकडच्या मंडळ्यांनी आणखी एक पाहावे: आदिवासी बांधवाची जमीन बिगरआदिवासी व्यक्तीला किंवा संस्थेला परवानगीशिवाय घेता येत नाही.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेले साठेखत (पुढे विकण्याचा करार) म्हणजे खरेदी नव्हे. दुय्यम निबंधकापुढे नोंदलेले खरेदीखत झाले, फेरफार झाला, ट्रस्टचे नाव सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर आले, तेव्हा जमीन तुमची. आणि खरेदीपूर्वी सरकारी मोजणी करून घ्या. आम्ही केली, तर विकणाऱ्याने दाखवलेला पूर्वेचा खुंट सात फूट आत निघाला.

हे सगळे झाल्यावर संपूर्ण मंडळीने एका संध्याकाळी त्या जमिनीवर जावे. आम्ही गेलो तेव्हा पाऊस नुकताच पडून गेला होता आणि पायाला काळ्या मातीचे गोळे चिकटत होते. चार कोपऱ्यांवर चार घरांनी प्रार्थना केली. त्याच चिखलाने पुढे पायाच्या खर्चाचा अंदाज बदलला, ते खाली येईलच.

चौथी पायरी: किती मोठे

आज येतात त्यांच्या दीडपट माणसांचा विचार करा, तिप्पट नको. बाकांवर बसायचे तर वाटांसह माणशी नऊ-दहा चौरस फूट धरा, सतरंजीवर सहा-सातात भागते. आम्ही दीडशे माणसांसाठी तीस बाय पंचेचाळीस फुटांचे सभागृह केले आणि नाताळला व्हरांडा वापरतो. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा प्रभूने दिलेला दाखला या बैठकीत मोठ्याने वाचा. मनोरा, काचेची रंगीत खिडकी, संगमरवर हे सगळे नंतर होऊ शकते. शौचालय, चाकाच्या खुर्चीसाठी उतार आणि मुलांच्या वर्गाची एक खोली नंतरवर ढकलू नका.

पाचवी पायरी: पैसा

ट्रस्टच्या नावाने बांधकामासाठी वेगळे बँक खाते उघडा, दोघांच्या सहीचे, आणि ते दोघे एकाच घरातले नकोत. दर रुपयाला पावती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा, खर्च आणि शिल्लक असे तीन आकडे फळ्यावर लिहा. आमच्या खजिनदारांनी हे छत्तीस महिने एकदाही चुकवले नाही, आणि मला वाटते आमच्यात पैशावरून भांडण झाले नाही त्याचे निम्मे कारण तो फळा होता.

घरटी ठरावीक रक्कम लावू नका. उसाच्या तोडणीला जाणारे कुटुंब आणि सरकारी नोकरीतले कुटुंब यांना एकच आकडा लावणे हा अन्याय आहे, आणि ज्याला तो आकडा जमत नाही तो रविवारी येणेच बंद करतो. त्याऐवजी वचनपत्रे द्या: प्रत्येक घराने प्रार्थना करून, घरी बसून, दोन किंवा तीन वर्षांत काय देऊ ते लिहून पाकिटात बंद करून द्यावे. रक्कम फक्त खजिनदाराला ठाऊक. उपासनेत नावे आणि आकडे वाचू नका. गरीब विधवेने दानात टाकलेल्या दोन टोल्या (अगदी हलकी नाणी) प्रभूने पाहिल्या, त्या कोणी पुकारल्या नव्हत्या. फरशीवर, पंख्यावर, बाकावर देणाऱ्याचे नाव कोरण्याची मागणी येईल. सुरुवातीलाच ठराव करून ठेवा. आमच्या कोनशिलेवर मंडळीचे नाव, तारीख आणि एक वचन, एवढेच आहे. एक मोठी देणगी त्यामुळे आली नाही. वहीतल्या नऊ ‘नाहीं’पैकी ते एक.

रोकड नसलेल्यांना देण्याची वाट करून द्या. मिझोरममध्ये १९१० पासून ख्रिस्ती बायका प्रत्येक वेळी भात टाकताना एक मूठ तांदूळ बाजूला काढून चर्चला देत आल्या आहेत. आमच्या महिला मंडळाने ज्वारी-बाजरीचा डबा ठेवला आणि दर महिन्याला ते धान्य मंडळीतच विकले. हंगामाच्या सणाला अर्पण केलेल्या पिकांचा लिलाव तर आपल्याकडे जुनाच आहे. त्या वर्षी एक भोपळा पाच वेळा विकला गेला, कारण घेणारा प्रत्येक जण तो पुन्हा वेदीपाशी ठेवत होता.

मुंबई-पुण्याला गेलेल्या घरांना जरूर कळवा. परदेशातल्या पैशाबाबत मात्र सावध राहा. तिकडे नोकरीला असलेला, पण भारतीय नागरिकच असलेला मुलगा स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवतो तो पैसा विदेशी देणगी ठरत नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर ठरतो, मग तो तुमच्या मंडळीत बाप्तिस्मा झालेला का असेना. विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी नसेल तर असा पैसा घेऊच नका, कोणाच्या खाजगी खात्यातून फिरवून तर मुळीच नाही.

सहावी पायरी: परवानगी आणि शेजार

बांधकाम परवानगीशिवाय कुदळ मारू नका. प्रार्थनास्थळासाठी नेहमीच्या नकाशा-मंजुरीखेरीज पोलिस किंवा जिल्हाधिकाऱ्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र मागितले जाते. त्याला वेळ लागतो, तो धरूनच चाला. आधी ‘घर’ म्हणून परवानगी काढू आणि मग उपासना सुरू करू, असा सल्ला देणारे भेटतील. तो घेऊ नका. खोट्यावर पाया घातलेल्या मंदिरात आपण काय उपदेश करणार?

अर्ज देण्याआधी आम्ही पाचजण आसपासच्या प्रत्येक घरी गेलो. कोणत्या दिवशी, किती वाजता उपासना होईल, गाड्या कुठे लागतील हे सांगितले, आणि ध्वनिक्षेपक बाहेर लावणार नाही असे लिहून दिले. एका शेजाऱ्यांना सांडपाण्याची काळजी होती. नकाशात शोषखड्ड्याची जागा बदलून घेतली. पायाभरणीला तेच सर्वात आधी आले आणि मांडवासाठी वीज त्यांनीच दिली.

सातवी पायरी: बांधकाम

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते, म्हणून तिच्यावर टेकवलेल्या भिंतींना तडे जातात. पाया मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली न्यावा लागतो आणि जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरून, पाणी मारून, थर देऊन ठोकावा लागतो. खोदण्याआधी माती परीक्षण करून घ्या. आमच्याकडे मुरूम साडेसहा फुटांवर लागला. अंदाज चार फुटांचा होता. पैसे तिथेच संपले आणि काम पाच महिने थांबले. उघडे खड्डे पाहून मन खचायचे. पण शुक्रवारची प्रार्थना त्या काळात खड्ड्यांशेजारीच, कंदील लावून होत असे, आणि थांबलेले काम सुरू झाले ते दोन घरांनी आपापली वचनपत्रे आपणहून वाढवली म्हणून.

तीस फुटांच्या गाळ्यावर छत म्हणून काय घालायचे हे अभियंत्यालाच ठरवू द्या. पत्रा स्वस्त पडतो, पण आषाढात पाळकांचा शब्द ऐकू येत नाही. स्लॅब महाग. मधला मार्ग म्हणजे खांब पुढच्या स्लॅबचा भार पेलतील असे आत्ताच बांधून सध्या पत्रा टाकणे. आम्ही जमवाजमव करून स्लॅबच घातला.

कंत्राटदाराशी करार लेखी करा आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्या: पाया, जोते, लिंटेल, स्लॅब, गिलावा. काम झाले, अभियंत्याने पाहिले, मग पैसे. पहिला कंत्राटदार ओळखीचा म्हणून आम्ही त्याला मोठी उचल दिली आणि ती बुडाली. त्या शुक्रवारी त्याच्या नावानेही प्रार्थना झाली, आणि शनिवारी आम्ही कराराचा मसुदा वकिलाकडे नेला. शेवटची दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा सरेपर्यंत अनामत म्हणून हातात ठेवा.

श्रमदान भरपूर घ्या, पण कामे निवडून. खोदाई, भराव, विटा वाहणे, पाणी मारणे, रंग ही मंडळीची कामे. सळई, सेंट्रिंग, वीज ही जाणत्या कारागिरांची. तिथे भक्तिभाव कामाचा नाही. नहेम्याच्या वेळी कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला आणि शल्लूम नावाच्या एकाच्या मुलीही कामाला होत्या. आम्ही पाणी मारण्याची पाळी घरोघरी वाटून दिली. खांबांना गोणपाट गुंडाळून, स्लॅबवर वाफे करून, सकाळ-संध्याकाळ चौदा दिवस. मोठ्या तुळईखालचे टेकू एकवीस दिवसांआधी काढू दिले नाहीत, मुकादमाला लाकूड दुसऱ्या कामावर हवे होते तरी. पाणी मारायला येणारी शाळकरी मुले स्लॅबवर उभी राहून भजन म्हणायची. आज तीच मुले कोणाला बाक ओरखडू देत नाहीत.

हंगामाचा मेळ असा घाला: खोदाई दिवाळीनंतर, जोते संक्रांतीच्या सुमारास, स्लॅब पुनरुत्थानाच्या सणाच्या (ईस्टरच्या) आसपास. मृगाच्या आत डोक्यावर छप्पर हवे.

समर्पण आणि त्यानंतर

समर्पणाच्या दिवशी पाहुण्यांची यादी आटोपशीर ठेवा. आम्ही दार कोणा साहेबांच्या हस्ते न उघडता मंडळीतल्या सर्वात म्हाताऱ्या आजींच्या हाती किल्ली दिली. प्रार्थनेची वही त्यांच्या नातीने आत नेली, आणि उजव्या बाजूची उत्तरे तारखांसह वाचली, ‘नाही’सकट. चाळीस मिनिटे लागली, कोणी हलले नाही.

समर्पणानंतर शुक्रवारच्या सभा बंद करू नका, आणि त्या मंदिरात आणू नका. घरोघरीच चालू द्या. खरेदीखत, मोजणी नकाशा, परवानगी, पूर्णत्वाचा दाखला, पावत्यांची पुस्तके यांच्या दोन प्रती करा, एक मंदिराबाहेर ठेवा. देखभालीसाठी महिन्याला काही रक्कम वेगळी काढायला पहिल्याच महिन्यापासून लागा. आणि पहिला मोठा पाऊस पडेल त्या संध्याकाळी दोघांनी खडू आणि बॅटरी घेऊन आत फिरावे. जिथे ओल दिसेल तिथे भिंतीवर खूण करून तारीख टाकावी. अनामत रक्कम अजून तुमच्या हातात आहे, तोवरच कंत्राटदाराला बोलवा.